काचेचा धागा आणि त्याची विशेष कामे

राज्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत आज एक बारीक काळी केबल येऊन पोचली आहे. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूंच्या जाळ्याने जोडण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले आणि महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने हाती घेण्यात आले. गावात या केबलीला ‘नेटची वायर’ म्हणतात. परंतु संदेश वाहून नेण्यासाठी तिच्यात तांब्याची तार नसते. केबलीचे थर एकेक करून सोलले तर शेवटी हाती लागतो तो माणसाच्या केसासारखा बारीक काचेचा धागा. त्यातून धावतो तो प्रकाश.

दळणवळणासाठी वापरला जाणारा हा धागा बहुतेकांना ऐकून तरी माहीत झाला आहे. मात्र तो एका मोठ्या कुटुंबातील एक सभासद आहे, ही गोष्ट तेवढी परिचित नाही. प्रकाश वाढविणारे, पत्रा कापणारे, पुलावरचा ताण सांगणारे, रोहित्राच्या पोटातील उष्णता मोजणारे, मूतखडा फोडण्यासाठी लेसरचे किरण शरीरात नेणारे असे कितीतरी प्रकाशतंतू आज वापरात आहेत. त्यांना ‘विशेष प्रकाशतंतू’ असे म्हणतात. त्यांची घडण समजून घेतली, तर कोणत्या कामाला कोणता तंतू योग्य आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे ठरविणे सोपे जाते.

प्रकाश वळणावरून जातो कसा?

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे शाळेत शिकविले जाते. मग वळणावळणाच्या धाग्यातून तो कसा जाऊ शकतो? या प्रश्नाचे उत्तर धाग्याच्या कितीतरी आधी पाण्याच्या धारेत सापडले होते. जिनीव्हा येथील शास्त्रज्ञ डॅनियल कोलाडॉन यांनी १८४१ च्या सुमारास, पात्राच्या छिद्रातून पडणाऱ्या पाण्याच्या कमानदार धारेतून प्रकाशही वळत जातो, हे दाखवून दिले. लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी १८५४ मध्ये असाच प्रयोग श्रोत्यांपुढे केला.

हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळाजवळ एक गोल छिद्र पाडावे, बाटली पाण्याने भरावी आणि खोलीत अंधार करून छिद्राच्या समोरील बाजूने बॅटरीचा झोत छिद्रावर टाकावा. पडणाऱ्या धारेखाली हात धरला की तळहातावर उजेडाचा ठिपका दिसतो. धार वाकडी असूनही प्रकाश तिच्यासोबत खाली आलेला असतो.

याचे कारण पूर्ण आंतरिक परावर्तन हे होय. प्रकाशकिरण घन माध्यमातून विरळ माध्यमाच्या सीमेवर पुरेसा तिरपा येऊन आदळला, तर तो बाहेर न पडता संपूर्णपणे आत परततो. पाण्याच्या धारेत प्रकाश असाच एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे आपटत पुढे सरकतो. प्रकाशतंतूत हेच काम काचेचे दोन थर करतात. मधल्या काचेला गाभा म्हणतात आणि तिच्याभोवतीच्या काचेला वेष्टन. गाभ्याचा वक्रीभवनांक वेष्टनापेक्षा किंचित जास्त असतो, त्यामुळे प्रकाश गाभ्यातच कोंडला जातो. दूर अंतरावर संदेश नेणाऱ्या तंतूत वेष्टनासह काचेचा व्यास १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग असतो. त्यातील गाभा अवघा ८ ते ९ मायक्रॉनचा असतो.

शरीरात डोकावणारा तंतू

प्रकाशतंतूचा पहिला महत्त्वाचा उपयोग संदेशासाठी झाला नाही, तो वैद्यकासाठी झाला. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत संशोधन करीत होते. काचतंतूंची जुडी वापरून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेता येते, हे दाखविणारा त्यांचा निबंध जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच अंकात हॉलंडचे अब्राहम व्हान हील यांनी तंतूला कमी वक्रीभवनांकाचे वेष्टन देण्याची कल्पना मांडली. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ करण्याचे श्रेय कपानी यांना दिले जाते. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले व २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देऊन गौरविले.

यानंतर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात बॅझिल हर्शोविट्झ, विल्बर पीटर्स आणि त्या वेळी विद्यार्थी असलेले लॅरी कर्टिस यांनी काचेवर काचेचेच वेष्टन असलेले तंतू वापरून जठर पाहण्याची लवचिक दुर्बीण तयार केली. १९५७ मध्ये हर्शोविट्झ यांनी ती आधी स्वतःच्या घशातून उतरवून पाहिली आणि मगच रुग्णावर वापरली.

अशा दुर्बिणीत दोन प्रकारच्या जुड्या असतात. आत उजेड नेणाऱ्या जुडीतील तंतू कसेही रचले तरी चालतात. चित्र बाहेर आणणाऱ्या जुडीत मात्र प्रत्येक तंतूची जागा दोन्ही टोकांना तीच असावी लागते, अन्यथा चित्र विस्कटते. अलीकडे बहुतेक मोठ्या दुर्बिणींच्या टोकावर सूक्ष्म कॅमेराच बसविलेला असतो. चित्र नेण्याचे काम त्याने घेतले असले, तरी उजेड पुरविण्यासाठी व अतिशय बारीक दुर्बिणींसाठी तंतूंच्या जुड्या अद्याप उपयोगात आहेत.

एका किलोमीटरची परीक्षा

जठर पाहण्यासाठी मीटरभर तंतू पुरतो. एका शहरातून दुसऱ्या शहरात संदेश न्यायचा तर तो काही किलोमीटर लांब हवा. १९६० च्या दशकातील उत्तम काचतंतूतही प्रकाशाचा ऱ्हास किलोमीटरला सुमारे १,००० डेसिबेल इतका होता. याचा सोपा अर्थ असा की, केवळ २० मीटर गेल्यावर शंभरातील एकच भाग प्रकाश उरत असे.

इंग्लंडमधील हार्लो येथील प्रयोगशाळेत काम करणारे चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, हा दोष मुळात काचेचा नाही. काचेत मिसळलेल्या लोखंडासारख्या धातूंच्या अंशांचा तो आहे. हे अंश काढून टाकले आणि ऱ्हास किलोमीटरला २० डेसिबेलपर्यंत खाली आणला, तर काच दळणवळणासाठी वापरता येईल, असे त्यांनी म्हटले. २० डेसिबेल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातील एक भाग उरणे. जे अंतर २० मीटर होते, ते १,००० मीटर करायचे होते. या कार्याबद्दल काओ यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेतील कॉर्निंग या काच कारखान्यात रॉबर्ट मॉरर, डोनल्ड केक व पीटर शुल्ट्झ यांनी १९७० मध्ये ही परीक्षा पार केली. त्यांच्या तंतूतील ऱ्हास १७ डेसिबेल होता. त्यानंतर सुधारणा झपाट्याने होत गेली. १९७९ मध्ये जपानमध्ये ०.२ डेसिबेल इतका अल्प ऱ्हास साधण्यात आला. अशा तंतूतून १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. त्याच वर्षी भारतात पुणे येथे दोन टेलिफोन केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतू यंत्रणा कार्यान्वित झाली.

इतकी शुद्ध काच वाळू वितळवून मिळत नाही. सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ व ऑक्सिजन यांचा उच्च तापमानात संयोग घडवून काचेचा अतिसूक्ष्म चुरा तयार केला जातो आणि त्याचे थरावर थर चढविले जातात. गाभ्याच्या थरांत वक्रीभवनांक वाढविण्यासाठी जर्मेनियम मिसळतात. यातून एक जाड काचकांडी तयार होते. तिला ‘प्रीफॉर्म’ म्हणतात. उंच मनोऱ्यात ही कांडी सुमारे २,००० अंश सेल्सिअसला तापवून, पाकाची तार ओढावी तसा तिच्यातून धागा ओढला जातो. धागा बाहेर येताच त्यावर प्लॅस्टिकसारख्या राळेचा लेप दिला जातो. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर येथील कारखानदारीत हे काम केले जाते.

दोष हाच गुण

दळणवळणाच्या तंतूकडून एकच अपेक्षा असते. बाहेर ऊन असो, पाऊस असो, केबलीवर ताण पडो, आतील संदेश जसा घातला तसा बाहेर आला पाहिजे. म्हणजेच हा तंतू परिस्थितीविषयी उदासीन असावा लागतो. त्याच्यात बाहेरच्या घडामोडींचा जो थोडाफार परिणाम होतो, तो अभियंत्यांच्या दृष्टीने दोष असतो.

विशेष तंतूंची कल्पना नेमकी याच्या उलट आहे. येथे यांपैकी एखादा दोष मुद्दाम निवडला जातो, वाढविला जातो आणि कामाला लावला जातो. काओ यांच्या विचाराने काच आधी निर्मळ करण्यात आली, नंतर ती मोजूनमापून मळविण्यात आली, असे म्हणता येईल. कधी गाभ्यात एखादे मूलद्रव्य मिसळतात, कधी तंतूची आकृती बदलतात, कधी काचेऐवजी दुसरा पदार्थ घेतात, तर कधी वरचा लेप बदलतात. विशेष तंतूंचे प्रकार कितीही वाढले तरी त्यांची घडण सर्वसाधारणपणे या चार मार्गांनीच होते.

प्रकाश वाढविणारे व कापणारे तंतू

मूलद्रव्य मिसळण्याचे सर्वांत परिणामकारक उदाहरण म्हणजे एर्बियमयुक्त तंतू. कितीही चांगल्या तंतूत ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर प्रकाश क्षीण होतो. पूर्वी अशा ठिकाणी प्रकाशाचे विजेत रूपांतर करून, ती वाढवून, पुन्हा प्रकाश निर्माण करावा लागे. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखविलेल्या तंतूने ही खटपट वाचविली. याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतही असेच कार्य झाले.

या तंतूच्या गाभ्यात एर्बियमचे प्रमाण दहा लाखांत काही शेकडो भाग इतकेच असते. त्यात ९८० किंवा १,४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर प्रकाश सोडला की एर्बियमचे अणू ती ऊर्जा साठवून ठेवतात. १,५५० नॅनोमीटरच्या आसपासचा क्षीण संदेश तेथून जाऊ लागताच ते ती ऊर्जा संदेशाच्याच प्रकाशात भर म्हणून सोडून देतात. काही मीटर लांबीच्या तंतूत संदेश शेकडो पटींनी सबळ होतो. मुंबईच्या किनाऱ्याला येणाऱ्या समुद्राखालील लांब पल्ल्याच्या केबलींत ठराविक अंतरांवर असे वर्धक बसविलेले असतात. परदेशी असलेल्या नातलगाशी गावातून बोलताना आवाज या तंतूंमधून सबळ होत जातो, याची सहसा कोणाला कल्पना नसते.

एर्बियमऐवजी यिटर्बियम मिसळले आणि गाभ्याभोवती एकाऐवजी दोन वेष्टने दिली, तर तंतूच लेसर बनतो. आतील रुंद वेष्टनात पुष्कळ प्रकाश ओतता येतो. तो हळूहळू गाभ्यातील यिटर्बियममध्ये शोषला जातो आणि सुमारे १,०७० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिशय तीव्र व बारीक झोत बाहेर पडतो. त्याची शक्ती अनेक किलोवॉटपर्यंत जाते. औद्योगिक वसाहतींतील कार्यशाळांत पोलादी पत्रे कापणारी जी ‘फायबर लेसर’ यंत्रे आज दिसतात, त्यांचे मूळ या तंतूत आहे.

ताण व उष्णता सांगणारे तंतू

जनजीवनाशी अधिक जवळचा संबंध असलेला गट म्हणजे संवेदक तंतू. कॅनडात ओटावा येथे केनेथ हिल व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७८ मध्ये असे आढळले की, तीव्र प्रकाशाने जर्मेनियमयुक्त गाभ्याचा वक्रीभवनांक कायमचा बदलतो. पुढे १९८९ मध्ये जेराल्ड मेल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजूने जंबुपार किरण टाकून गाभ्यात हवी तशी सूक्ष्म रेघांची जाळी उमटविण्याची रीत दाखविली. या जाळीला ब्रॅग जाळी म्हणतात. तिच्या रेघा एकमेकींपासून सुमारे अर्ध्या मायक्रॉनवर असतात. एका सेंटिमीटरच्या तुकड्यात जवळजवळ १९ हजार रेघा बसतात.

ही जाळी आलेल्या प्रकाशातून एकच तरंगलांबी निवडून मागे पाठविते व बाकीचा प्रकाश पुढे जाऊ देते. तंतू ताणला गेला किंवा तापला की रेघांमधील अंतर व काचेचा वक्रीभवनांक बदलतो आणि परतणारी तरंगलांबीही बदलते. तापमान १ अंशाने वाढले तर हा बदल नॅनोमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका असतो. मीटरभर लांबी एका मायक्रॉनने वाढली तर तो याहूनही लहान, सुमारे एक-अष्टमांश असतो. इतका सूक्ष्म बदल आज उपकरणांनी सहज मोजता येतो. एकाच तंतूवर निरनिराळ्या तरंगलांबीच्या अनेक जाळ्या ओळीने कोरता येतात. त्यामुळे पुलाच्या तुळईवर किंवा बोगद्याच्या अस्तरावर अनेक ठिकाणचा ताण एकाच धाग्याने कळू शकतो. मात्र उष्णता आणि ताण या दोहोंचा परिणाम जाळीवर एकत्र होत असल्याने, ताण न पडणारी एक जाळी केवळ तापमानासाठी शेजारी ठेवावी लागते. हे न केल्यास दुपारचे ऊनसुद्धा पुलावरील भार म्हणून नोंदले जाईल.

दुसऱ्या पद्धतीत जाळी कोरावी लागत नाही. तंतूत प्रकाशाचा लहानसा स्पंद सोडला की त्याचा अत्यल्प भाग वाटेतील प्रत्येक बिंदूकडून मागे विखुरला जातो. रामन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिणामामुळे या विखुरलेल्या प्रकाशाचा काही अंश वेगळ्या तरंगलांबीचा असतो आणि त्याचे प्रमाण त्या बिंदूच्या तापमानावर अवलंबून असते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात लावलेला शोध अशा रीतीने व्यवहारात उतरला आहे. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. म्हणून एक मीटर पुढील बिंदूकडून येणारा प्रकाश १० अब्जांश सेकंद उशिरा परततो. हा उशीर मोजून कोणत्या मीटरवर किती उष्णता आहे, हे समजते. जमिनीखालील वीजवाहिन्या, वाहतुकीचे बोगदे, कोळसा वाहणारे पट्टे आणि तेलवाहिन्या यांवर लक्ष ठेवण्यासाठी ही पद्धत वापरली जाते.

काच विजेची वाहक नाही, हा संवेदक तंतूंचा आणखी एक मोठा लाभ होय. मोठ्या विद्युत रोहित्राच्या वेटोळ्यात धातूची तार असलेला तापमापक ठेवणे धोक्याचे असते. तेथे टोकाला प्रकाशमान होणारे विशेष द्रव्य लावलेला तंतू निर्धास्तपणे ठेवता येतो. त्या द्रव्याची चमक विझण्यास लागणारा काळ तापमानानुसार बदलतो आणि त्यावरून वेटोळ्याचे तापमान समजते.

दिशा राखणारा तंतू

आकृती बदलून घडविलेल्या तंतूचे एक नामी उदाहरण ध्रुवण राखणाऱ्या तंतूत दिसते. प्रकाशलहरी ज्या प्रतलात कंप पावतात, त्याला ध्रुवण म्हणतात. सामान्य तंतूत वाकण, ताण यांमुळे ध्रुवण सतत बदलत राहते. टेलिफोनच्या कामात याने फारसे बिघडत नाही, परंतु सूक्ष्म मोजमापात सारा हिशेब चुकतो. हे टाळण्यासाठी गाभ्याच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या काचेच्या दोन कांड्या बसवितात. थंड होताना त्या गाभ्याला कायमचा ताण देतात आणि ध्रुवण एका दिशेत बांधले जाते. या तंतूचा छेद पांडा प्राण्याच्या तोंडासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘पांडा’ हेच नाव पडले आहे.

अशा तंतूचे शेकडो मीटरांचे वेटोळे करून त्यात दोन्ही टोकांनी प्रकाश सोडला आणि वेटोळे फिरविले, तर एका दिशेच्या प्रकाशाला किंचित जास्त व दुसऱ्या दिशेच्या प्रकाशाला किंचित कमी अंतर कापावे लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ साग्नाक यांनी १९१३ मध्ये या परिणामाचे प्रात्यक्षिक दाखविले होते. १९७६ मध्ये अमेरिकेत वाली व शॉर्टहिल यांनी त्यावरून तंतूचा जायरोस्कोप सिद्ध केला. फिरता भाग नसलेली ही साधने विमाने, जहाजे व उपग्रह यांची दिशा सांभाळतात.

पदार्थ आणि लेप बदलताना

रुग्णालयात मूतखडा फोडण्यासाठी होल्मियम लेसर वापरतात. त्याच्या २.१ मायक्रॉनच्या किरणांना काचेतील पाण्याचा अंश शोषून घेतो. म्हणून येथे पाण्याचा अंश जवळजवळ नसलेल्या सिलिकाचा तंतू लागतो. त्याचा गाभा दळणवळणाच्या तंतूच्या कितीतरी पट जाड, साधारणतः २०० मायक्रॉन किंवा त्याहून अधिक असतो. याहून दूरच्या अवरक्त किरणांना सिलिका पारदर्शक राहत नाही. त्यांच्यासाठी झिर्कोनियम फ्लोराइडसारख्या काचा वापरतात. या काचांचा शोध फ्रान्समधील रेन येथे १९७० च्या दशकाच्या मध्यास लागला.

काचेऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकचाही तंतू होतो. तो मिलिमीटरभर जाड, लवचिक व हाताळण्यास सोपा असतो. त्यातील ऱ्हास मात्र किलोमीटरला शंभराहून अधिक डेसिबेल असल्याने तो काही मीटरांच्या कामालाच उपयोगी पडतो. मोटारींतील अंतर्गत जोडण्या, सजावटीचे दिवे आणि शाळेतील प्रात्यक्षिके यांसाठी तो उत्तम होय.

लेपाचे महत्त्वही कमी नाही. नेहमीचा ॲक्रिलेट लेप सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. पॉलिइमाइडचा लेप ३०० अंशांपर्यंत, तर सोन्याचा लेप ७०० अंशांपर्यंत काम देतो. तेलविहिरींत शिरणारा हायड्रोजन काच काळवंडवितो, म्हणून तेथे लेपाखाली कार्बनचा पातळ थर देतात. घरातील भिंतींच्या कोपऱ्यातून न्यावयाच्या तंतूंत गाभ्याभोवती कमी वक्रीभवनांकाचे एक कडे ठेवतात. त्यामुळे प्रकाश वाकणावर बाहेर निसटत नाही. नेहमीचा तंतू ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा अधिक वाकवू नये असा संकेत आहे, तर असे काही तंतू ५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वाकविता येतात.

ब्रिटनमध्ये फिलिप रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सूक्ष्म छिद्रांची नक्षी असलेला तंतू पुढे आणला. त्यातूनच पोकळ गाभ्याच्या तंतूची कल्पना साकार झाली. त्यात प्रकाश काचेतून न जाता हवेतून जातो आणि म्हणून सुमारे दीडपट वेगाने पोचतो. २०२५ मध्ये साउथॅम्प्टन येथील संशोधकांनी अशा तंतूत किलोमीटरला ०.१ डेसिबेलहून कमी ऱ्हास साधल्याचे जाहीर केले. काच अधिकाधिक शुद्ध करण्यापासून सुरू झालेला हा प्रवास प्रकाशाच्या वाटेतून काचच काढून टाकण्यापर्यंत आला आहे. भारतातही कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत एर्बियमयुक्त तंतूंसह विशेष तंतूंवर संशोधन होत आले आहे.

तंतूच्या दुसऱ्या टोकाला कोण?

या साऱ्या माहितीचा स्थानिक कारभाराशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि राज्य परिवहनाच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. अशा प्रसंगानंतर पुलांवर संवेदक बसविण्याची मागणी होते आणि ती रास्तही आहे. तथापि तंतू असता तर अनर्थ टळलाच असता, असे म्हणणे योग्य होणार नाही. तुळईवर चिकटविलेला तंतू तुळईचा ताण सांगतो. पायाखालची माती पुराने खरवडली जात असेल, तर ती त्याला दिसतेच असे नाही. त्यासाठी संवेदक पायापाशी, त्या कामासाठीच बसविलेला असावा लागतो. संवेदक ही पाहणीची जोड आहे. ती पाहणीची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून असे काम हाती घेताना काही प्रश्न आधीच विचारले पाहिजेत. नेमके काय मोजायचे आहे? त्या जागेचे तापमान, ओल आणि वाकण लक्षात घेऊन तंतू व लेप निवडला आहे काय? बसविल्यानंतर चांगल्या स्थितीतील वर्षभराच्या नोंदी घेतल्या जातील काय? कारण नेहमीचे काय हे ठाऊक असल्याशिवाय वेगळे काय झाले, ते ओळखता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रात्री दोन वाजता इशारा आला तर तो कोण पाहील, पोलीस पाटलास कोण कळवील आणि रस्ता बंद करण्याचा अधिकार कोणाकडे असेल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून ठेवलेले नसेल, तर मौल्यवान यंत्रणाही निरुपयोगी ठरते.

गावातील साध्या केबलीच्या बाबतीतही थोडी काळजी घेतली पाहिजे. रस्ता, गटार किंवा नळाचे काम काढण्यापूर्वी केबलीची वाट विचारून घ्यावी. एका कुदळीच्या घावाने पंचायत, शाळा आणि आरोग्य केंद्र ही तिन्ही जगापासून तुटू शकतात. तुटलेल्या तंतूचे टोक डोळ्यांसमोर धरू नये, कारण आतील लेसर प्रकाश दिसत नाही, पण इजा करू शकतो. काचेचे बारीक तुकडे कातडीत रुततात, म्हणून ते उघड्यावर टाकू नयेत. तंतू जोडण्याचे काम प्रशिक्षित माणसाचेच आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून हे कौशल्य शिकलेले तरुण प्रत्येक तालुक्यात असणे ही आजची गरज आहे.

पंचायतीच्या भिंतीवरील पेटीत येऊन थांबलेला धागा आज दाखले, नोंदी आणि संदेश यांची ने-आण करतो. त्याचेच भाऊबंद उद्या तालुक्यातील पूल, रोहित्र किंवा दवाखाना येथे कामास येतील. ते काय सांगू शकतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे त्या वेळी शिक्षकांनी विद्यार्थ्यांना व सभासदांनी ग्रामसभेला समजावून सांगितले, तर या साधनाचा गावाला खराखुरा उपयोग होईल.